संपूर्ण महाभारत पहिल्यांदा वाचताना: शेवट आधीच का सांगून टाकला आहे?

नवा वाचक:

नमस्कार. गेल्या पावसाळ्यापासून मी महाभारताचे संपूर्ण मराठी भाषांतर क्रमाने वाचत आहे. विराटपर्व नुकतेच संपले असून आता उद्योगपर्व हाती घेणार आहे. पुढे जाण्यापूर्वी आतापर्यंतचे काही ठसे येथे नोंदवावेत आणि ज्यांनी हा ग्रंथ अनेकदा वाचला आहे अशा मंडळींना काही विचारावे, या हेतूने हा धागा काढत आहे. कथा मला लहानपणापासून ठाऊक होती. दूरदर्शनवरची मालिका, घरातल्या वडीलधाऱ्यांनी सांगितलेल्या गोष्टी आणि कर्णावरच्या कादंबऱ्या यांतून ती मनात पक्की बसलेली होती. ग्रंथ वाचताना मात्र जे समोर येत आहे ते या ओळखीच्या कथेपेक्षा फार वेगळे आहे.

पहिला धक्का आरंभालाच बसला. मी शंतनू आणि गंगेची वाट पाहत होतो, तर ग्रंथ नैमिषारण्यात सुरू होतो. शौनकांचे बारा वर्षांचे सत्र चालू आहे, तेथे सौती हा कथाकार येतो, आणि जनमेजयाच्या सर्पसत्रात वैशंपायनाने सांगितलेली कथा आपण ऐकून आलो आहोत असे ऋषींना सांगतो. म्हणजे व्यासांची कथा वैशंपायनाच्या तोंडून, आणि ती पुन्हा सौतीच्या तोंडून आपल्यापर्यंत पोहोचते. एवढ्यावर थांबत नाही. पहिल्याच अध्यायात धृतराष्ट्राचा विलाप येतो. 'हे मी ऐकले, तेव्हाच संजया, मला विजयाची आशा उरली नाही' अशा धाटणीचे श्लोक एकामागून एक येत राहतात आणि त्यांत द्रौपदीच्या स्वयंवरापासून अश्वत्थाम्याने रात्री केलेल्या कत्तलीपर्यंत सगळे सांगून होते. एवढ्या प्रचंड ग्रंथाचा शेवट पहिल्या काही पानांतच उघड का केला असावा?

दुसरी गोष्ट सरमेची. कुरुक्षेत्रावर जनमेजय आणि त्याचे भाऊ यज्ञ करत असताना तेथे एक कुत्रा येतो आणि ते भाऊ त्याला मारतात. तो रडत आईकडे जातो. त्याची आई सरमा येऊन विचारते, की माझ्या मुलाने हविर्द्रव्याकडे पाहिले नाही, ते चाटले नाही, मग त्याला का मारलेत? कोणीही उत्तर देत नाही. तेव्हा निरपराध्याला मारल्याबद्दल, ध्यानीमनी नसलेले भय तुमच्यावर येईल, असा शाप ती देते. कुळांच्या आणि राज्यांच्या एवढ्या मोठ्या कथेच्या दाराशीच एका कुत्रीचा प्रश्न अनुत्तरित उभा आहे, हे मी पुस्तक मिटून बराच वेळ मनात घोळवत राहिलो.

तसाच दुसरा प्रश्न सभापर्वात भेटला. दुर्योधनाने पाठवलेला प्रातिकामी, म्हणजे निरोप्या, द्रौपदीला न्यायला येतो, तेव्हा ती त्याला परत पाठवते आणि विचारायला सांगते, की तुम्ही आधी कोणाला हरलात, स्वतःला की मला? मालिकेत हा प्रसंग आक्रोशाचा आहे; ग्रंथात तो आक्रोशाचा तर आहेच, पण त्याहून अधिक एका कायदेशीर प्रश्नाचा आहे. जो स्वतःच दास झाला त्याला पत्नी पणाला लावण्याचा अधिकार उरतो का? भीष्म म्हणतात की धर्म सूक्ष्म आहे, मला तुझ्या प्रश्नाचा नीट उलगडा करता येत नाही. कौरव भावांपैकी एकटा विकर्ण तिच्या बाजूने बोलतो आणि कर्ण त्याला गप्प बसवतो. शेवटी धृतराष्ट्राच्या अग्निशाळेत कोल्हा ओरडतो, राजा घाबरतो आणि वर देऊन प्रकरण मिटवतो. प्रश्न तसाच राहतो.

आता माझ्या शंका. शेवट आधी सांगण्यामागे काही योजना आहे, की अनेक शतके भर पडत गेल्यामुळे हा विस्कळीतपणा आला आहे? 'आंधळ्याचा मुलगा आंधळा' हे द्रौपदीचे वाक्य मला मयसभेच्या प्रसंगात कोठेच सापडले नाही. ते माझ्या भाषांतरात गाळले आहे का? आणि वनपर्वातल्या नल, सावित्री, राम यांच्या कथा वाचताना मूळ कथा फार वेळ थांबून राहते असे मला वाटले. पुढची शांतिपर्व आणि अनुशासनपर्व हीही फार मोठी आहेत असे ऐकतो. पहिल्या वाचनात ती बाजूला ठेवावीत का?

गोदाकाठ:

आपण सरमेपाशी थांबलात हे वाचून आनंद झाला, कारण बहुतेक वाचक आदिपर्वातला तिच्या कथेचा भाग, म्हणजे पौष्यपर्व, चाळून पुढे जातात. ग्रंथाच्या दुसऱ्या टोकाला, महाप्रस्थानिक पर्वात, पुन्हा एक कुत्रा आपल्याला भेटणार आहे. त्याला सोडून इंद्राच्या रथात बसायला युधिष्ठिर नकार देतो. ही दोन टोके जुळवणारा कोणी एक कवी होता की अनेक, हा वाद अभ्यासकांना करू द्यावा. वाचणाऱ्यापुरते ती जुळलेली आहेत.

शेवट आधी का सांगितला, या प्रश्नाला माझ्या परीने उत्तर देतो. महाभारतात कोणतीही गोष्ट मोकळ्या हवेत सांगितलेली नाही. ती कोणीतरी कोणालातरी सांगत असतो, आणि ऐकणाऱ्याचे त्या गोष्टीत काहीतरी अडकलेले असते. जनमेजय सर्पसत्रात बसून आपल्याच पणजोबांची कथा ऐकतो आहे. वडिलांच्या मृत्यूचा सूड म्हणून तो एका जातीचा समूळ नाश करायला निघाला आहे आणि त्याला जी कथा ऐकवली जाते ती नेमकी एका कुळाच्या समूळ नाशाची आहे. धृतराष्ट्र तर त्याहून पुढचा श्रोता आहे. त्याला सगळे आधीच ठाऊक असते आणि तरीही तो विचारत राहतो. 'पुढे काय झाले' यापेक्षा 'हे कसे झाले, आणि मी ते का होऊ दिले' हे त्याला हवे असते. आपल्याकडे कीर्तनाला बसलेल्या माणसालाही आख्यानाचा शेवट पाठ असतो, पण म्हणून तो उठून जात नाही.

आपण लवकरच भीष्मपर्वात पोहोचाल, तेथे एक गोष्ट मुद्दाम पाहा. गीता आपण सगळ्यांनी सुटी वाचलेली असते, त्यामुळे 'धर्मक्षेत्रे कुरुक्षेत्रे' हा धृतराष्ट्राचा प्रश्न युद्धाच्या पहिल्या सकाळी विचारला गेला असे आपण धरून चालतो. ग्रंथात तसे नाही. भीष्मपर्वाच्या आरंभी भूगोलाचे वर्णन चालू असते आणि ते संपल्यावर संजय रणांगणावरून अचानक येऊन सांगतो की भीष्म पडले. म्हणजे युद्धाचे दहा दिवस होऊन गेले आहेत. ते ऐकून धृतराष्ट्र कोसळतो. भीष्म पडल्याचे ऐकूनही फुटत नाही ते माझे हृदय दगडाचे असले पाहिजे, असे म्हणतो, प्रश्नांची सरबत्ती करतो, आणि मग संजय त्याला पहिल्या दिवसापासून सांगू लागतो. गीता या सांगण्यात येते. तो पहिला श्लोक उच्चारणाऱ्या म्हाताऱ्याला भीष्म शरशय्येवर आहेत हे ठाऊक आहे. हे एकदा लक्षात आले की त्या श्लोकातला 'माझे' आणि 'पांडूचे' हा भेद निराळाच ऐकू येतो. द्रोणपर्व आणि कर्णपर्वही याच रीतीने चालतात. आधी सेनापती पडल्याची बातमी, मग बापाचा शोक, मग तपशील. युद्धाच्या चार पर्वांना पडणाऱ्या कौरव सेनापतींची नावे आहेत, जिंकणाऱ्यांची नाहीत, हेही या संदर्भात पाहण्यासारखे आहे.

उपाख्यानांबद्दल माझे मत ठाम आहे. ती गाळू नयेत, मात्र प्रत्येक वेळी ती कोण ऐकतो आहे ते पाहावे. नलाची कथा बृहदश्व ऋषी युधिष्ठिराला सांगतात, तेव्हा तो द्यूतात राज्य घालवून वनात बसलेला आहे आणि माझ्यासारखा दुर्दैवी राजा कोणी झाला का, असे विचारतो आहे. कथा संपल्यावर बृहदश्व त्याला अक्षहृदय, म्हणजे फाशांची विद्याच, शिकवतात. कथा थांबली असे आपल्याला वाटते खरे, पण युधिष्ठिराच्या आयुष्यात त्या कथेने काहीतरी घडवलेले असते. उद्योगपर्वात विदुरनीती येईल. ती सुभाषितांचा संग्रह म्हणून सुटी छापली जाते आणि शाळांतून पाठ करून घेतली जाते, पण ग्रंथात ती झोप उडालेल्या राजाने मध्यरात्री बोलावून घेतलेल्या भावाचे बोलणे आहे. संजय पांडवांकडून परत आलेला आहे आणि काय निरोप आणला ते उद्या सभेत सांगेन असे म्हणून निघून गेला आहे. ती रात्र डोळ्यासमोर ठेवून वाचा.

संहिता:

मयसभेबद्दलच्या शंकेपुरते लिहिते. आपल्या भाषांतराने काही गाळलेले नाही. 'आंधळ्याचा मुलगा आंधळा' हे वाक्य संस्कृत महाभारतात नाही. दुर्योधन स्फटिकाच्या जमिनीला पाणी समजतो आणि पाण्याला जमीन समजून पडतो, तेव्हा भीम, अर्जुन, नकुल, सहदेव आणि सेवक हसतात असे निवेदन आहे. द्रौपदी त्या प्रसंगात उपस्थित असल्याचा उल्लेखही तेथे नाही. मात्र पुढे दुर्योधन जेव्हा हीच हकीकत वडिलांना सांगतो, तेव्हा कृष्ण, अर्जुन आणि स्त्रियांसह द्रौपदी आपल्याला हसली असे तो म्हणतो. गोदाकाठ यांनी मांडलेला मुद्दा येथे फार उपयोगी पडतो. एकच घटना निवेदक एक सांगतो आणि अपमानित माणूस बापापुढे दुसरी सांगतो, आणि ग्रंथ दोन्ही ठेवून देतो. पुढच्या काळातल्या कथनांनी दुर्योधनाची बाजू उचलली, तिला एक झोंबणारे वाक्य जोडले, आणि आज युद्धाचे खापर त्या वाक्यावर फोडले जाते. द्रौपदीवर झालेला हा अन्याय मला अजूनही सहन होत नाही.

पाठभेदांचा विषय निघालाच आहे तर आपण कोणती संहिता वाचत आहात तेही पाहून घ्या. जुनी मराठी भाषांतरे सामान्यतः नीलकंठाच्या टीकेसह प्रचलित झालेल्या पाठावर आधारलेली आहेत. नीलकंठ चतुर्धर हा मूळचा गोदावरीकाठच्या कोपरगावचा. सतराव्या शतकात काशीला राहून त्याने 'भारतभावदीप' ही टीका लिहिली. दुसरी संहिता पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराची. तिचे काम 1919 मध्ये सुरू झाले आणि 1966 मध्ये पूर्ण झाले. 1925 पासून 1943 मध्ये निधन होईपर्यंत विष्णु सीताराम सुकथनकर प्रमुख संपादक होते, आणि त्यांनी घालून दिलेल्या पद्धतीवर पुढचे काम श्रीपाद कृष्ण बेलवलकर आणि परशुराम लक्ष्मण वैद्य यांनी तडीस नेले. शारदा, नेवारी, मैथिली, बंगाली, देवनागरी, तेलुगू, ग्रंथ, मल्याळम अशा निरनिराळ्या लिप्यांतली सुमारे 1,259 हस्तलिखिते त्यासाठी तपासली गेली. प्रत्येक पानावर वर निश्चित केलेला पाठ आणि खाली कोणत्या हस्तलिखितात काय वेगळे आहे त्याची नोंद, अशी मांडणी आहे. एखादा श्लोक वगळला म्हणजे तो फेकून दिला असे नव्हे; तो तळटीपेत किंवा परिशिष्टात वाचायला मिळतो.

या आवृत्तीत व्यासांनी सांगितले आणि गणपतीने लिहिले ही कथा मुख्य पाठात नाही. स्वयंवरात 'मी सूताला वरणार नाही' हे द्रौपदीचे वाक्यही प्रचलित पाठात आहे, पण निश्चित पाठात नाही. आणि वस्त्रहरणाच्या वेळी द्रौपदीने केलेला कृष्णाचा धावाही मुख्य पाठातून तळटीपेत गेला आहे; तेथे वस्त्र ओढले जाते आणि त्यासारखेच दुसरे वस्त्र प्रकट होत राहते, ते कोणी पुरवले याचा खुलासा नाही. मला व्यक्तिशः हा पाठ अधिक भेदक वाटतो, कारण त्यात तिच्या प्रश्नाचे वजन कोणत्याही चमत्काराने कमी होत नाही.

पारायण:

संहिता यांच्या अभ्यासाबद्दल मला आदर आहे, पण शेवटच्या वाक्याशी मी सहमत होऊ शकत नाही. आमच्या मंडळात पंधरा-वीस बायका आठवड्यातून एकदा जमून मोठ्याने वाचतात. आधी श्रीधरस्वामींची ओवीबद्ध पोथी झाली, आणि आता आम्ही मूळ ग्रंथाचे भाषांतर घेतले आहे. द्रौपदीने धावा केला आणि कृष्ण धावून आला, हे शतकानुशतके गायले गेले, चित्रांत आले, लेकीसुनांना सांगितले गेले. ज्या बाईला भरल्या सभेत नवऱ्यांनी, सासऱ्यांनी, आचार्यांनी वाऱ्यावर सोडले, तिने कोणालातरी हाक मारली आणि ती ऐकली गेली, हे ज्या कोणी लिहिले त्याला तिच्याबद्दल कळवळा होता. तो श्लोक नंतरचा असेल. पण तो घालणाराही महाभारताचा वाचकच होता, आणि आपल्यासारखाच त्या सभेतल्या मौनाने अस्वस्थ झालेला होता. मला दोन्ही पाठ हवेत.

सावित्रीच्या कथेबद्दलही सांगते. आम्ही वटपौर्णिमा करतो आणि सावित्रीची कथा सुटी ऐकतो. ती कोणत्या क्षणी सांगितली आहे हे वाचताना प्रथमच कळले. जयद्रथाने द्रौपदीला पळवून नेले आहे, पांडवांनी तिला सोडवून आणले आहे, आणि त्यानंतर युधिष्ठिर मार्कंडेयांना विचारतो, की मला माझे किंवा भावांचे दुःख तेवढे नाही जेवढे या द्रौपदीचे आहे. हिच्यासारखी पतिव्रता कोणी पाहिली वा ऐकली आहे का? त्या प्रश्नाचे उत्तर म्हणून सावित्री येते. तिचे तीन रात्रींचे व्रत, यमाच्या मागे चालत जाणे, आणि एकेक बोलण्याने त्याला बांधून एकेक वर काढून घेणे. समोर द्रौपदी बसलेली आहे हे धरून ती कथा वाचली तेव्हा आमच्यातल्या कित्येकींचे डोळे भरून आले. त्यामुळे मधल्या कथा गाळू नका, या म्हणण्याला माझा दुजोरा.

शांतिपर्वाच्या बाबतीत मात्र मी निराळा सल्ला देईन. राजधर्माचे अध्याय मोठ्याने वाचताना आमच्या मंडळातल्या अनेकींची गळती झाली. कर किती घ्यावा, दुर्ग किती प्रकारचे असतात, मंत्री कसे पारखावेत, हे सलग ऐकणे अवघड आहे. पहिल्या वाचनात स्त्रीपर्वानंतर शांतिपर्वाचा आरंभ वाचून आश्वमेधिकापर्यंत पुढे जावे आणि मधला भाग नंतर सवडीने घ्यावा, यात काही गैर नाही. आश्वमेधिकातली अर्ध्या सोनेरी अंगाच्या मुंगसाची गोष्ट मात्र चुकवू नका. युधिष्ठिराच्या थाटामाटाच्या यज्ञात येऊन, कुरुक्षेत्रावरच्या एका उपाशी ब्राह्मणाने अतिथीला दिलेल्या शेरभर सातूच्या पिठाची सर या यज्ञाला नाही, असे ते सर्वांसमोर सांगते.

नवा वाचक:

सर्वांचे मनःपूर्वक आभार. मधल्या काळात उद्योगपर्व पूर्ण केले आणि भीष्मपर्वातला संजयाच्या आगमनाचा भाग वाचला. गोदाकाठ यांनी सुचवल्याप्रमाणे तो अध्याय वाचल्यावर लगेच पुढे न जाता धृतराष्ट्राचे प्रश्न पुन्हा वाचले. तो भीष्मांच्या उजव्या बाजूला कोण होते, डाव्या बाजूला कोण होते, पाठीमागून रक्षण कोण करत होते, असे विचारत जातो. आपल्या माणसाच्या अपघाताची बातमी आल्यावर घरातली माणसे असेच विचारतात, गाडी कोण चालवत होते, सोबत कोण होते. त्या विचारण्याने काही बदलणार नसते. या अध्यायानंतर गीतेचा पहिला श्लोक वाचताना त्यातला अधीरपणा नाहीसा झाला आणि उरला तो केवळ थकवा.

उद्योगपर्वाने तर मला फार अस्वस्थ केले. युद्ध टाळण्याची संधी इतक्या वेळा येते, दूत जातात, परत येतात, भीष्म, द्रोण, विदुर, गांधारी, कृष्ण सगळे समजावतात, आणि प्रत्येक वेळी धृतराष्ट्र 'तुमचे खरे आहे, पण माझा इलाज चालत नाही' असे म्हणतो. शेवट ठाऊक नसता तर मी हे पर्व 'आता तरी तह होईल' या आशेने भराभर वाचले असते. शेवट ठाऊक असल्यामुळे प्रत्येक नकार स्वतंत्रपणे दिसला. कृष्ण कर्णाला रथात बसवून तो कुंतीचा मुलगा असल्याचे सांगतो, आणि कर्ण त्याला वाढवणाऱ्या राधेने आपल्यासाठी काय केले ते सांगून नकार देतो. त्यात तो युद्धाचे वर्णन यज्ञाच्या रूपकात करतो आणि हे गुपित युधिष्ठिराला सांगू नकोस, नाहीतर तो राज्य घेणार नाही, अशी विनंती करतो. कादंबऱ्यांतला कर्ण मला प्रिय होता. हा कर्ण त्याहून मोठा आहे, आणि सभेत द्रौपदीला अभद्र बोलणाराही हाच आहे. याच संवादात तो पांडवांना बोललेल्या आपल्या कठोर शब्दांबद्दल आता पश्चात्ताप होतो असेही म्हणतो. ग्रंथ त्याच्या दोन्ही बाजू झाकत नाही.

शांतिपर्वाबद्दल मात्र दोन मते आली आहेत. गोदाकाठ यांनी त्यावर काही लिहावे अशी विनंती.

गोदाकाठ:

पारायण यांचा अनुभव मोठ्याने, समूहात वाचण्याचा आहे आणि त्या रीतीसाठी त्यांचा सल्ला योग्यच आहे. एकट्याने वाचणाऱ्याने मात्र, मला वाटते, शांतिपर्व सलग वाचावे. रोज थोडे, पण क्रम न मोडता.

त्याचे कारण पुन्हा श्रोताच आहे. स्त्रीपर्वाच्या शेवटी, मृतांना पाणी देण्याच्या वेळी, कुंती सांगते की कर्णालाही पाणी द्या, तो तुमचा थोरला भाऊ होता. शांतिपर्व तेथून उचलते. युधिष्ठिर राज्य नको म्हणतो. भीम त्याच्यावर चिडतो, अर्जुन वाद घालतो, द्रौपदी कडक शब्दांत सुनावते, व्यास आणि कृष्ण समजावतात. जिंकलेल्या माणसाला सिंहासनावर बसवण्यासाठी अख्ख्या घराला एवढे झटावे लागते. आणि मग त्याला ज्यांच्याकडे शिकायला पाठवले जाते ते भीष्म, ज्यांना त्याच्याच बाजूने बाणांनी विंधले आहे. कर, दुर्ग, मंत्री यांचे अध्याय रुक्ष आहेत हे खरे. पण ते सांगणारा मरणाच्या वाटेवर आहे आणि ऐकणाऱ्याला राज्याचीच किळस आलेली आहे. अशा माणसाला राज्य कसे करावे हे शिकवायचे असेल तर बोध पुरत नाही. दुर्गाचे प्रकारही सांगावे लागतात, कारण उद्यापासून प्रजेचे रक्षण त्यालाच करायचे आहे. याच पर्वातल्या आपद्धर्माच्या, म्हणजे संकटकाळी कसे वागावे याच्या, भागात उंदीर आणि मांजराची गोष्ट येते. जाळ्यात सापडलेले मांजर आणि मुंगूस व घुबड यांच्या तावडीत सापडलेला उंदीर एकमेकांशी तह करतात. उंदीर पारधी अगदी जवळ येईपर्यंत शेवटचा दोर तोडत नाही, आणि सुटका झाल्यावर मांजर कितीही गोड बोलले तरी बिळाबाहेर येत नाही. वनपर्वातल्या कथा ऐकणाऱ्या युधिष्ठिराला ही कथा कोणी सांगितली नसती.

शेकडो अध्याय ऐकून झाल्यावर अनुशासनपर्व सुरू होते आणि युधिष्ठिराचे पहिलेच म्हणणे असे आहे, की पितामह, शांतीचे एवढे प्रकार तुम्ही सांगितलेत, पण तुमचे हे बाणांनी भरलेले, रक्ताने माखलेले शरीर पाहून माझ्या मनाला शांती मिळत नाही. त्यावर भीष्म गौतमी नावाच्या वृद्धेची गोष्ट सांगतात. तिचा मुलगा सर्पदंशाने गेलेला आहे, पारध्याने तो साप पकडून आणला आहे आणि याला कसा मारू असे तो तिला विचारतो आहे. ती सोड म्हणते. साप म्हणतो, मला मृत्यूने पाठवले. मृत्यू येऊन म्हणतो, मला काळाने पाठवले. काळ म्हणतो, त्या मुलाच्या कर्माने हे घडवले. गौतमी आपल्याही कर्माचा वाटा मान्य करते आणि साप सुटतो. ज्याच्यासाठी ही गोष्ट सांगितली त्याचे समाधान पूर्ण झाले असे मला दर वेळी वाटत नाही, कारण तो लगेच पुढचा प्रश्न विचारतो. आपण तेथपर्यंत पोहोचलात की आपल्याला काय वाटले ते या धाग्यावर अवश्य लिहा.